पोलिश वाक्याचे पृथक्करण

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला नवी भाषा ही निव्वळ हौसेची बाब क्वचितच असते. खात्याची परीक्षा, कचेरीतील टिपणे, शिपायाशी बोलणे आणि मंडईतील घासाघीस यांसाठी ती शिकावीच लागते. आणि ती आपण बहुधा इंग्रजीत लिहिलेल्या व्याकरणावरून शिकतो. यातून एक चमत्कारिक प्रकार घडतो. ज्या गोष्टी आपल्या घरात जन्मापासून वावरत असतात, त्याच इंग्रजीच्या वाटेने आल्या म्हणजे परक्या पोशाखात येतात. भूक माणसाला ‘लागते’, माणूस भुकेला ‘असतो’ असे नाही, हे हिंदीचे वैशिष्ट्य म्हणून इंग्रज ग्रंथकार पानभर समजावून सांगतो, आणि ‘मला भूक लागली’ म्हणत वाढलेले आपण ते पान निमूटपणे पाठ करतो.

हा प्रकार पोलिश भाषेच्या बाबतीत जितका ठळकपणे दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. पोलिश शिकू पाहणाऱ्या इंग्रजीभाषकाच्या तक्रारी ठरलेल्या असतात. नामाला सात विभक्ती आहेत; निर्जीव वस्तूंनाही लिंग आहे; क्रियापदावरून बोलणारा पुरुष की स्त्री ते कळते; कर्ता वाक्यातून बेपत्ता असतो; शब्दांची जागा ठरलेली नाही; आणि परक्या माणसाला ‘तू’ म्हणता येत नाही. या यादीत मराठी माणसाने दचकावे असे काय आहे? आमच्या मते फारसे काही नाही. जिथे दचकावे अशा जागा पोलिशमध्ये आहेत, परंतु त्या निराळ्याच आहेत; आणि बहुतेकींमागे काही इतिहास आहे. तो इतिहास साधा नाही, कारण ही भाषा बोलणाऱ्यांचे राज्य १२३ वर्षे नकाशावर नव्हते.

प्रारंभ जुन्यात जुन्या वाक्यापासून करावा. सायलेशिया प्रांतात हेन्रिकूव्ह नावाचा एक मठ होता. मठाकडे जमिनी कसकशा आल्या याची हकीकत तेथील भिक्षूंनी १२७० च्या सुमारास लॅटिनमध्ये नोंदवून ठेवली. महसूल खात्यातील आमच्या वाचकांना या ग्रंथाची जात लगेच ओळखता येईल : तो हक्कनोंदणीचा दप्तरग्रंथ होय. त्यात एका गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगताना लेखकाने एका शेतकऱ्याच्या तोंडचे एक वाक्य मूळ भाषेत देऊन टाकले. त्याची बायको वारंवार जात्यावर दळण दळी. नवऱ्याला तिची दया आली आणि तो म्हणाला की आता दळतो मी, तू जरा विसावा घे. पोलिश भाषेतील लिहून राहिलेले सर्वांत जुने वाक्य ते हेच. राजाची आज्ञा नव्हे, धर्मवचन नव्हे, तर जात्याजवळचे घरगुती बोलणे! जात्यावरच्या ओव्यांत वाढलेल्या भाषेच्या माणसाला हे वाचून आपलेपणा वाटला तर नवल नाही.

या वाक्यात ‘मी’ आणि ‘तू’ हे दोन्ही शब्द आले आहेत, आणि व्याकरणाचा पहिला धडा नेमका तिथे आहे. एरवी पोलिश वाक्यात ही सर्वनामे गाळली जातात. क्रियापदाच्या प्रत्ययातच ती असतात. ‘माम’ या एका शब्दाचा अर्थ ‘माझ्याजवळ आहे’. सर्वनाम उच्चारले जाते ते विरोध दाखवायचा असेल तेव्हा : दळणारा मी, विसावा घेणारी तू. इंग्रजीतून शिकलेला विद्यार्थी प्रत्येक वाक्याआधी ‘मी’ लावतो, आणि ऐकणाऱ्या पोलिश माणसाला वाटते की हे गृहस्थ सारखे कोणाशी तरी भांडत आहेत. ‘जातो’, ‘येतेस का’, ‘सांगितले होते ना’ असे बोलणाऱ्या मराठी माणसावर ही पाळी येण्याचे कारण नाही, मात्र त्याने आपल्या कानावर विश्वास ठेवावयास हवा.

पोलिशचे पहिले व्याकरण १५६८ मध्ये क्राकूव्ह येथे छापले गेले. ते लिहिले प्योत्र स्तोयेन्स्की याने, आणि हा मनुष्य जन्माने फ्रेंच होता. मराठीचा अनुभव निराळा नाही : आपले एक आरंभीचे छापील व्याकरण विल्यम कॅरीने १८०५ मध्ये श्रीरामपुरास, म्हणजे बंगालात, प्रसिद्ध केले; दादोबा पांडुरंगांचे व्याकरण त्यानंतर ३१ वर्षांनी आले. परका मनुष्य व्याकरण लिहितो, कारण त्यालाच त्याची गरज असते. घरच्या माणसाला आपल्या बोलण्यात नियम आहेत याचा पत्ताही नसतो. स्तोयेन्स्कीने लिहिले लॅटिनमध्ये. लॅटिन ही स्वतः विभक्तींची भाषा असल्यामुळे त्याला पोलिशच्या विभक्तींचा बाऊ वाटण्याचे कारण नव्हते. हा बाऊ पुढे इंग्रजीच्या संगतीने आला.

विभक्तींची पोलिश नावे पाहण्यासारखी आहेत. तृतीयेचे नाव ‘हत्यार’ या शब्दावरून आलेले, चतुर्थीचे ‘लक्ष्य’ यावरून, सप्तमीचे ‘जागा’ यावरून, आणि संबोधनाचे ‘हाक मारणे’ यावरून. करण, संप्रदान, अधिकरण हे शब्द ज्याच्या कानावरून गेले आहेत त्याला येथे काही नवे शिकायचे नाही. पंचमी मात्र पोलिशमध्ये नाही. स्लाव भाषांत ती फार पूर्वीच षष्ठीत विरून गेली. षष्ठीवरचा भार त्यामुळे वाढला, आणि मराठी माणसाने सावध व्हावे अशी पहिली जागा येथे येते. ‘वेळ आहे’ हे ‘माम च्यास’. परंतु ‘वेळ नाही’ म्हणताना ‘न्ये माम च्यासु’ असे म्हणावे लागते. नकार येताच कर्म द्वितीया सोडून षष्ठीत जाते. जणू ‘वेळाचे नाही’. मराठीत अशी रचना नाही, तथापि तिची दिशा आपल्याला परकी नाही. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. वानवा पैशाची असते. जी वस्तू आहे ती प्रत्यक्ष समोर उभी राहते, जी नाही तिचा अंशही हाती नाही, असा काहीसा भाव त्या षष्ठीत आहे.

तृतीयेची गंमत याहून अधिक. ‘मी पोलिश आहे’ यासाठी ‘येस्तेम पोलाक्येम’ म्हणतात, म्हणजे अक्षरशः ‘मी पोलिश माणसाने आहे’. माणूस जे असतो तेही हत्यारासारखे हाती धरलेले! डॉक्टर, शिक्षक, कलेक्टर, सगळे याच विभक्तीत. ‘मी येथे कलेक्टर म्हणून आहे’ यातले ‘म्हणून’ जे काम करते ते पोलिशमध्ये प्रत्यय करतो, असे समजले की पुरे. ज्यांचे पद तीन वर्षांनी बदलते त्यांना ही विभक्ती विशेष पटावी.

आता ज्या इतिहासाचा उल्लेख वर केला त्याकडे वळू. १७७२ मध्ये रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी पोलंडचे लचके तोडले. त्या धक्क्याने जागे झालेल्या पोलिश राज्यकर्त्यांनी पुढच्याच वर्षी राष्ट्रीय शिक्षण आयोग नेमला. युरोपातील पहिले शिक्षणखाते म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. या आयोगासाठी ओनुफ्री कोप्चिन्स्की या धर्मगुरूने शाळांकरिता व्याकरण लिहिले, त्याचा पहिला भाग १७७८ चा. आज पोलिश मुले व्याकरणाच्या तासाला जे पारिभाषिक शब्द वापरतात त्यांतील पुष्कळ या पुस्तकातून रूढ झाले. पण १७९३ मध्ये दुसरी विभागणी झाली, १७९५ मध्ये तिसरी, आणि ज्या राष्ट्राच्या शाळांसाठी व्याकरण लिहिले ते राष्ट्रच राहिले नाही.

या विभागणीला पोलिशमध्ये जो शब्द आहे तो ‘रोझ्ब्युर’. आपल्याकडे शाळेत वाक्यपृथक्करण शिकवीत, त्यालाही पोलिशमध्ये ‘रोझ्ब्युर’च म्हणतात. अवयव सुटे करणे, हा मूळ अर्थ. एकाच शाळेत, एकाच दिवशी, एका तासाला वाक्याचा रोझ्ब्युर आणि दुसऱ्या तासाला देशाचा! हा योगायोग आहे, त्यातून फार अर्थ काढू नये. परंतु वाक्य सुटे केले तरी पुन्हा जुळविता येते, हे त्या मुलांना ठाऊक होते एवढे म्हणण्यास हरकत नाही.

तिन्ही तुकड्यांत भाषेचे भाग्य निरनिराळे झाले. ऑस्ट्रियाकडील गालिसियात १८६९ पासून पोलिश ही कचेऱ्यांची भाषा झाली, आणि क्राकूव्ह व ल्व्हूव्ह येथील विद्यापीठे पोलिशमध्ये शिकवू लागली. प्रशियाने १८७६ च्या कायद्याने कचेऱ्यांतून पोलिश काढून टाकली. रशियाच्या ताब्यात १८६३ चा उठाव मोडल्यानंतर शाळांचे माध्यम रशियन झाले, आणि पोलिश हा ऐच्छिक विषय पोलिश मुलांना रशियनमधून शिकविला जाऊ लागला. आपलीच भाषा परक्या भाषेच्या व्याकरणातून शिकायची! स्तेफान झेरोम्स्कीची १८९७ ची शाळेवरील कादंबरी याच काळाची आहे. तिच्या नावात सिसिफस या ग्रीक पुराणातील, धोंडा वर ढकलीत राहणाऱ्या माणसाचे श्रम आहेत. तिच्यात नव्याने आलेला एक विद्यार्थी पोलिशच्या तासाला मित्स्क्येविचची बंदी असलेली कविता मोठ्याने म्हणून दाखवितो आणि सारा वर्ग स्तब्ध होतो. तोवर ती मुले त्या तासाला पेंगत असत.

प्रशियाच्या भागात गोष्ट कादंबरीपुरती राहिली नाही. व्ह्झेश्न्या या लहानशा गावात १९०१ मध्ये शाळेतील धर्मशिक्षणही जर्मनमधून सुरू झाले. मुलांनी जर्मन प्रश्नोत्तरी शिकण्यास नकार दिला. २० मे रोजी त्यांना शाळेत डांबून छड्या मारण्यात आल्या. आईबाप शाळेबाहेर जमले, दंगा झाला, आणि नोव्हेंबरात ग्न्येझ्नो येथील न्यायालयाने शिक्षा दिल्या त्या मारणाऱ्यांना नव्हे, तर निषेध करणाऱ्या पालकांना. १९०६-०७ मध्ये हजारो मुलांनी त्या प्रांतात शाळांतून असाच असहकार केला. मुले अडून बसली ती प्रार्थनेवर, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पोलिशमध्ये ईश्वराला ‘बापा’ म्हणताना ‘ओइचे’ असे खास संबोधनाचे रूप येते. जर्मनमध्ये असे वेगळे रूप नाही, प्रथमेनेच भागवावे लागते. शाळकरी पोरांनी विभक्तीसाठी छड्या खाल्ल्या असे आम्ही म्हणणार नाही. पण हाक कोणत्या भाषेत मारायची यासाठी खाल्ल्या, हे निश्चित. आणि ‘देवा’, ‘आई’, ‘मुलांनो’ या रूपांवाचून ज्याचे चालत नाही त्याला ते अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

१९१८ मध्ये देश पुन्हा उभा राहिला, आणि तीन तुकड्यांतली भाषा एका नियमाखाली आणण्याचे काम सुरू झाले. येथे कोप्चिन्स्की पुन्हा भेटतो. या सद्गृहस्थाने पुल्लिंगी व नपुंसकलिंगी विशेषणांच्या तृतीया-सप्तमीत एक भेद घालून दिला होता : पुल्लिंगी असेल तर ‘दोब्रिम’, नपुंसकलिंगी असेल तर ‘दोब्रेम’. हा भेद बोलण्यात नव्हता. तो व्याकरणकाराने नीटनेटकेपणासाठी बसविला होता. तरीही जवळजवळ दीडशे वर्षे, राज्य नसताना, बंदी असताना, पोलिश लेखक तो इमानाने पाळीत आले. १९३६ च्या लेखनसुधारणेने तो रद्द केला. मराठीतील अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले तेव्हा झालेले वाद ज्यांनी ऐकले-वाचले आहेत त्यांना ही हकीकत ओळखीची वाटेल. फरक इतकाच की आपल्या अनुस्वारांना पूर्वी उच्चाराचा आधार होता, आणि तो वाचून शब्दाचे कूळ कळे. कोप्चिन्स्कीच्या भेदाला असे कूळ नव्हते. तो गेला त्याचे दुःख मानण्याचे आम्हांला तरी कारण दिसत नाही.

जो भेद कोणी बसविला नाही आणि कोणाला काढताही आला नाही, तो भूतकाळातील. ‘करीत होता’ याला ‘रोबिव’, ‘करीत होती’ याला ‘रोबिवा’, नपुंसकात ‘रोबिवो’. हा ‘व’ लिहिताना छेद दिलेला ‘ल’ लिहितात, आणि पूर्वी तो जाड ‘ल’ असाच उच्चारला जाई. पूर्वेकडील जुन्या माणसांच्या तोंडी तो विसाव्या शतकातही होता. गेला, गेली, गेले म्हणणाऱ्या आपल्याला हा ‘ल’ पाहून भाऊ भेटल्यासारखे वाटते. पण नाते जोडण्याची घाई करू नये : आपला ‘ल’ प्राकृतातील ‘इल्ल’ प्रत्ययाच्या वाटेने आला, त्यांचा जुन्या स्लाव धातुसाधितांतून. दोन्ही भाषांनी आपापल्या घरी स्वतंत्रपणे भूतकाळ धातुसाधितावर रचला, म्हणून क्रियापदाला लिंग आले. पुरुष ‘रोबिवेम’ म्हणतो, स्त्री ‘रोबिवाम’. जसे ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’. इंग्रजीभाषक येथे अडखळतो. आपण अडखळतो ते पुढच्या पायरीवर, कारण मराठीत सकर्मक धातू येताच क्रियापद कर्माच्या मागे जाते : भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, मग खाणारा कोणी का असेना. पोलिशमध्ये भाकरीला हा मान नाही. क्रियापद कर्त्यालाच धरून राहते.

या ‘रोबिवेम’मधील शेवटचा ‘एम’ म्हणजे जुन्या सहायक क्रियापदाचा अवशेष. पूर्वी ‘रोबिल येश्म’ असे दोन शब्द होते, जवळजवळ ‘केले आहे’सारखे; ते झिजून एक झाले. परंतु जोड पुरता सुकला नाही. ‘ग्ज्ये बिवेश?’ म्हणजे ‘कुठे होतास?’, तेच ‘ग्ज्येश बिव?’ असेही म्हणता येते. शेवटचा प्रत्यय क्रियापद सोडून ‘कुठे’ला जाऊन चिकटतो, मराठीत ‘कुठेस होता?’ म्हणावे तसे. सातशे वर्षांपूर्वीचा सुटा शब्द आजच्या बोलण्यात असा अजून मोकळा हिंडतो. पोलिश वाक्यात आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

अनेकवचनात मात्र पोलिशने एक अजब व्यवस्था केली आहे. मराठीत मुलगे आले, मुली आल्या, आणि दोघे मिळून मुले आली. मिश्र घोळक्यासाठी आपण नपुंसकलिंगाचा तोडगा काढतो. पोलिशमध्ये पुरुष माणसे एका बाजूला आणि बाकीचे सारे जग दुसऱ्या. पुरुष असतील तर ‘बिली’. स्त्रिया, मुले, घोडे, टेबले, ढग यांना सरसकट ‘बिवी’. हजार स्त्रियांत एक पुरुष आला की ‘बिली’. यावर पोलिश स्त्रियांनी काय म्हणावे ते त्या म्हणतातच. शिवाय पुरुषवाचक नामाला मुद्दाम इतरांचे रूप लावले की तुच्छता व्यक्त होते, आणि निराळा भारदस्त प्रत्यय लावला की आदर. आपले आदरार्थी बहुवचन याहून बरेच सुटसुटीत आहे.

संख्यांविषयी थोडक्यात. द्वा, त्शी, च्तेरी, प्येंच : दोन, तीन, चार, पाच यांची ही चुलत भावंडे ओळखू येण्यासारखी आहेत. चारपर्यंत सरळ चालते. पाचापासून पुढे मोजलेली वस्तू षष्ठीत जाते आणि क्रियापद नपुंसकी एकवचनात : ‘बायकांचे पाच होते’. कारण जुन्या काळी पाच हे विशेषण नव्हते, नाम होते, पंचक म्हणा. हे एकदा कळले की नियम पाठ करावा लागत नाही.

राहिला प्रश्न संबोधनाचा, आणि तो सरकारी माणसांच्या विशेष जिव्हाळ्याचा. परक्या माणसाला वेळ आहे का विचारताना ‘चि पान मा च्यास?’ म्हणतात. ‘चि’ हा प्रश्नार्थक शब्द हिंदीतील ‘क्या’प्रमाणे आरंभी बसतो, आणि ‘पान’ म्हणजे धनी, स्वामी. ‘स्वामींपाशी वेळ आहे काय?’ क्रियापद तृतीय पुरुषी. ‘रावसाहेबांनी बसावे’ म्हणणाऱ्या भाषेला हे नवीन नाही. जुना पोलंड हा उमरावांचा देश. तेथे लहानमोठा प्रत्येक उमराव दुसऱ्याला स्वामी म्हणे, आणि पूर्वीची लांबलचक ‘आपली कृपा’ वगैरे संबोधने झिजत झिजत शेवटी ‘पान’ आणि स्त्रियांसाठी ‘पानी’ एवढीच उरली. मग ती उमरावांपुरती राहिली नाहीत. भाजीवालीही पानी झाली. १९४५ नंतर साम्यवादी राजवटीत पक्षाच्या व सरकारच्या माणसांनी रशियनच्या धर्तीवर ‘तुम्ही’ रूढ करण्याचा यत्न केला. पोलिस नागरिकाला ‘नागरिक’ अशी हाक मारीत. लोकांनी कचेरीत ते ऐकले आणि बाहेर पडताच एकमेकांना ‘पान’ म्हटले. १९८९ मध्ये ती राजवट संपली, तिच्याबरोबर ते ‘तुम्ही’ही गेले.

हे सारे दूरदेशीचे खरे. पण पोलिश वाक्य एकदा महाराष्ट्रात पाच वर्षे नांदून गेले आहे. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हाकलून दिलेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे राहिली. तेथे त्यांच्या शाळा होत्या, आणि त्या शाळांत पोलिश ही पोलिशमधूनच शिकविली जाई. ती गेल्यावर त्या छावणीत आपल्या फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित राहावयास आले; आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात. वॉर्सा येथे कोल्हापूरच्या आठवणीचे स्मारक आहे, आणि २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन पुष्पे वाहिली.

त्या मुलांना गावाचे नाव आपल्या भाषेत बसवून घ्यावे लागले. इंग्रजीत नावाला धक्का लागत नाही; आधी एक सुटा शब्द ठेवला की काम झाले. पोलिशमध्ये ‘कोल्हापुरात’ म्हणायचे तर सप्तमी हवी, आणि सप्तमीपूर्वी शेवटचा ‘र’ बदलून ‘झ’सारखा होतो : ‘फ कोल्हापुझे’. ‘कोल्हापुराहून’ म्हणताना तो ‘र’ परत येतो : ‘स कोल्हापुरू’. मराठीतही ‘कोल्हापूर’चा दीर्घ ऊ प्रत्यय लागताच ऱ्हस्व होतो. गावाचे नाव जसेच्या तसे ठेवून त्यात राहणे दोन्ही भाषांना जमलेले नाही.